करड्या कोटाच्या डाव्या बाहीबाबत

नाव : ठाण्याच्या वहीत वेगळे घेतले आहे. मॉलमध्ये सगळे फिटिंगवाल्या मावशी म्हणतात.
वय : अठ्ठावन्न
व्यवसाय : कपडे आखूड, लांब, सैल, घट्ट करून देणे
दुकान : मॉलची जुनी बाजू, तळमजला, मागच्या जिन्याखाली
राहणार : मॉलमागची वसाहत, तिसरा मजला, नणंदेसोबत

बुधवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे.

मला ठाण्यात आणून विचारले, म्हणून मी माझ्या तोंडाने सांगते ते असे की :

जिन्याखालच्या जागेत मी एकोणीस वर्षे बसते. जागा आठ फूट बाय सहा फूट आहे. मागच्या बाजूला जिना खाली उतरत असल्यामुळे तिथे ताठ उभे राहता येत नाही, म्हणून मशीन तिथे ठेवले आहे. गिऱ्हाइकाने पडद्याआड कपडा घालायचा, मी टाचण्या लावायच्या, दुसऱ्या दिवशी कपडा न्यायचा, अशी पद्धत आहे. एकोणीस वर्षांत माझ्याकडून कोणाचा रुमालसुद्धा हरवलेला नाही. हे लिहिण्याची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी लिहायला लावले.

दोन वर्षांपूर्वी मॉल वाढवायला सुरुवात झाली. तेव्हा आमच्या ओळीत चावीवाला, घड्याळवाले काका, बूट शिवणारा, झेरॉक्सवाल्या बाई आणि मी एवढे होतो. नवी बाजू तयार झाली तिला काचेचे छत आहे आणि खाली अशी गुळगुळीत फरशी आहे की माझी नणंद भिंतीला धरून चालते. तिथे हातपिशव्यांचे एक दुकान आहे, त्यात चारच पिशव्या मांडलेल्या असतात. एक नुसत्या अत्तरांचे, एक नुसत्या चॉकलेटचे आणि एक कोटांचे आहे. या गुन्ह्यातला कोट त्या कोटांच्या दुकानातला आहे.

विस्तार कार्यालयाच्या साहेबांनी मागच्या वर्षी आम्हा जुन्या लोकांना बोलावून पडद्यावर एक रंगीत गोल दाखवला. याला दुकानांचे मिश्रण म्हणतात, असे त्यांनी सांगितले. कपडे किती, खाणे किती, दागिने किती, हे त्यात ठरलेले होते. सेवा म्हणून एक पिवळी फोड होती, कलिंगडाची शेवटची उरावी एवढी. पुढच्या चित्रात ती नव्हती. मी विचारले, "साहेब, नव्या बाजूचे कपडे लोकांना आपोआप बसणार आहेत का?" ते हसले आणि म्हणाले, नव्या दुकानांकडे स्वतःचे कारागीर असतात, तुम्ही काळजी करू नका. मी काळजी करत नव्हते, विचारत होते. त्यानंतर चावीवाला गेला, मग घड्याळवाले काका गेले. त्यांच्या शटरांवर पांढऱ्या फळ्या ठोकल्या आणि वर एका गोऱ्यापान बाईचे चित्र लावले. ती बाई माझ्या दुकानाकडे पाहून नाक मुरडते, असे झेरॉक्सवाल्या बाई जाईपर्यंत म्हणत असत.

मला नोटीस मिळाली का, असे विचारले. मिळाली. महिनाअखेर जागा सोडायची हे मी वाचले होते. आज बुधवारी साडेतीन वाजता सामानाची यादी करायला माणसे येणार, हेही तिच्यात होते म्हणतात. ते मी वाचले नाही. नोटिशीचा कागद जाड आणि सरळ होता, असा कागद हल्ली मिळत नाही. मी त्याच्या कोऱ्या बाजूवर कॉलरचा नमुना आखून कापला. तारीख बहुतेक गळ्याच्या गोलाईत गेली. तो नमुना दुकानात खिळ्याला टांगलेला आहे, हवे तर आणून पाहावा.

त्याप्रमाणे आज साडेतीन वाजता मॉलचे दोन रखवालदार आणि कार्यालयाचा एक माणूस आला. मी मशीनवर होते. त्यांनी मशीन एक, इस्त्री एक, आरसा एक, स्टूल दोन असे लिहिले. नंतर खुंटीवरचा करडा कोट पाहिला. बायकांचा, लांब, लोकरीचा कोट आहे. त्याला कोटांच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. रखवालदाराने चिठ्ठी वाचली आणि मला उठायला सांगितले. मी म्हणाले, "टाका पुरा करू दे." त्याने करू दिला नाही.

पावणेचार वाजता मला कोट हातात देऊन नव्या बाजूला नेले. मी सपाता घातल्या होत्या. वाटेत पुष्कळ लोक होते, त्यांतले काही माझे गिऱ्हाईक आहेत. कोटांच्या दुकानात मॅनेजर बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी कंपनीचे मोठे साहेब होते, ते आजच पाहणीला आले होते. साहेबांनी विचारले, हा कोट बाहेर कसा गेला. मॅनेजर बाईंनी कोटाकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी यांना ओळखत नाही. आमचं काम बाहेर जात नाही." साहेबांनी लगेच ठाण्याला फोन केला.

त्यावर मी काय बोलले, असे विचारले. काही बोलले नाही. का बोलले नाही, असे विचारले. मॅनेजर बाईंच्या काळ्या जॅकेटचे मधले बटण एका दोऱ्यावर लोंबत होते, माझे लक्ष तिकडे होते.

मी कोट चोरलेला नाही. तो माझ्याकडे कामाला आला होता. दोन्ही बाह्या दीड दीड इंच आखूड करायच्या होत्या. उजवी पूर्ण झाली आहे, अस्तरासकट. डावीला टाचण्या लावल्या आहेत. चोरी करणारा माणूस बाह्या आखूड करत बसत नाही, एवढे हवालदारांनी पाहावे. अंगाला लावून पाहा म्हटले, मला हा कोट दोन बोटे अरुंद आहे.

कोट कोणी आणून दिला, असे विचारले. मी पाणी मागितले. पाणी दिले. पुन्हा विचारले. ज्याने आणला त्याने सांगावे, मी सांगणार नाही, असे मी म्हणाले. मग चोरीचा आळ तुमच्यावरच राहील, हे मला समजावून सांगण्यात आले. मला ते कळते. लोक अंगावरचा कपडा काढून माझ्या हातात देतात. एकदा चोर म्हटले की कोणी देणार नाही, दुकान जिन्याखाली असो की आणखी कुठे. नवी जागा शोधायची, तीही या नावाने. तरी सांगणार नाही.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी जबाब थांबवला.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी पुढे सुरू.

मधल्या वेळात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. सव्वासहाला कोटांच्या दुकानाच्या मॅनेजर बाई एकट्या आल्या. माझ्याकडे न पाहता त्या आत हवालदारांच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी अंगातले काळे जॅकेट काढले, खालची दुमड उलटी केली आणि दिव्याखाली धरली. आत निळ्या दोऱ्याच्या तीन गाठी होत्या. त्या म्हणाल्या, "या गाठी मावशींच्या आहेत. दुकानातल्या कुठल्याही कोटाची दुमड उलटून बघा, सापडतील. करडा कोट मीच दिला." हे मी दारातून ऐकले. त्यामुळे आता पुढचे सांगते.

या मॅनेजर बाईंना मी ओळखते. मी तिला बटण म्हणते. तिच्या शाळेच्या फ्रॉकचे एक ना एक बटण रोज पडायचे, म्हणून ते नाव पडले. तिच्या आईला दोन पाळ्या असायच्या. शाळा सुटली की बटण माझ्या स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि सातला आई घेऊन जायची. पहिलीपासून दहावीपर्यंत तिचे फ्रॉक मी लांब केले. दरवर्षी आत दुमडीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडायची आणि जूनमध्ये उसवायची, असे करत एक फ्रॉक तिने तीन वर्षे वापरला. तो आखूड दिसला नाही, हे मी खात्रीने सांगते.

तीन गाठींची पद्धत माझ्या सासूबाईंची. आपले काम संपले की आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याच्या तीन गाठी मारायच्या. पुढे गिऱ्हाईक तो कपडा घेऊन भांडायला आले, की आपण केला की दुसऱ्याने, ते कळते. बटण लहानपणी गाठी शोधून काढायची आणि बोटाने मोजायची.

कोटांच्या दुकानात आरशाशेजारी एक शिवणयंत्र मांडलेले आहे आणि आमच्याच कारागिराकडून जागेवर फिटिंग, अशी पाटी आहे. कारागीर पंधरा दिवसांत सोडून गेला. दुसरा द्यायला कंपनी तयार नव्हती आणि पाटी काढायलाही नाही. यंत्रात दोरा ओवलेला नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी बटण माल नेण्याच्या मागच्या बोळातून पहिला कोट घेऊन आली. त्यानंतर आठवड्याला सात-आठ कोट यायचे. गिऱ्हाइकाला ती सांगायची, आमचा कारागीर फार मोठ्या ठिकाणी शिकलेला आहे. मी चार बसथांबे पलीकडे शिकले. त्या गोष्टीवर आम्ही दोघी पुष्कळ हसलो आहोत.

तिची अट एकच होती. "मावशी, यात गाठी नको हं," ती म्हणाली होती. मी बरं म्हणाले आणि प्रत्येक कोटात गाठी मारल्या. लबाडी करायची म्हणून नाही. हात तिथपर्यंत गेला की थांबत नाही. आणि खरे सांगायचे तर, एवढ्या महागाच्या कोटांत माझे काही असावे, असे मला वाटत होते. ही माझी चूक आहे आणि मी ती कबूल करते.

हे मी आत्ता बटणला समोर सांगितले. ती म्हणाली, "माहीत होतं. प्रत्येक कोट आला की मी आधी तिथेच बोट घालायचे. कात्री घेऊन बसायचे, पण कापल्या नाहीत." मग ती रडली. ओळखत नाही म्हणालीस ते मला फार लागले, असे मी तिला म्हणाले. साहेब शेजारी होते, असे ती म्हणाली. होते हे मीही पाहिले होते. बटणच्या जागी दुसरे कोणी असते तर मी दुकानातच सगळे बोलले असते.

तिच्या नोकरीचे काय, हे मी हवालदारांना विचारले. तो पोलिसांचा विषय नाही, असे उत्तर मिळाले. साहेबांना इथे येण्याआधीच फोन करून सांगितले आणि उद्यापासून येऊ नको असे ते म्हणाले, अशी माहिती बटणने दिली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. एक विनंती आहे. करडा कोट पुराव्यासाठी बांधून ठेवायचा असेल तर डाव्या बाहीतल्या टाचण्या कोणी काढू नयेत. माप त्यांतच आहे. कोट सोडला की बाही मी पुरी करून देईन, तो ज्यांचा आहे त्या बाईंना थंडीच्या गावी जायचे आहे.

जप्तीच्या मालाची गाठोडी शिवायला ठाण्यात सुई आणि पांढरा दोरा असतो, तो मी हवालदारांकडून मागून घेतला. हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला तेव्हा मी बटणच्या जॅकेटचे मधले बटण लावत होते. हातात काम होते तरी कान इकडेच होते. सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे. वाचताना हवालदार दोनदा थांबले, तेव्हा मीही थांबले. वाचून संपले तेव्हा बटणने जॅकेट हातात घेतले, लावलेल्या बटणामागे आतल्या बाजूला बोट घातले आणि पांढऱ्या गाठी मोजल्या. तीन आहेत, म्हणाली. माझी सही खाली आहे.