उजवा पाय

मंडळी, आधी फायद्याचं बोलू या, मग धर्माचं. तुम्हाला तसंच आवडतं आणि मलाही तसंच जमतं.

उद्या पवित्र गुरुवार. मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभूनं कमरेला पंचा गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले, त्या दिवसाची आठवण. उद्या देवळात वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतील. आळीआळीतून निवडलेले बारा पुरुष त्यांवर बसतील, आणि फादर गुडघे टेकून एकेकाचा उजवा पाय धुतील. आता मला सांगा, त्या खुर्चीवाल्याला काय मिळतं? पंख्याखालची जागा मिळते. सभागृहाच्या भिंतीवर बाराजणांचा फोटो लागतो, तो वर्षभर हलत नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे आधी त्या भिंतीकडे बघतात, हे मी सांगायला नको. आणि द्यावं काय लागतं? एक पाय. तोही धुऊन परत मिळतो!

म्हणजे धुणारा वाकला, बसणारा बसला, सण पार पडला. मग माझा प्रश्न एवढाच — या सणाची किंमत भरली कोणी?

जुजेदादा, जरा पेटी उघडा.

वाकला तो धनी, पाण्याच्या परातीं,
पाय पुढे किती — हात नाही.

बास दादा, एकदाच. माझा गळा आणि तुमचा भाता, दोन्ही आता सारखेच फुसके झालेत.

ऐका. गोष्ट आपल्याच भागातली. गावाचं नाव नाही सांगणार. सांगितलं तर उद्या गोष्टीतल्या माणसाचा भाचा माझ्या ओट्यावर येऊन बसेल. इनास तुस्कान म्हणून एक गृहस्थ. फुलांची वाडी. दिवसभर चिखलात राबायचा, टाचा अशा फुटलेल्या की भेगेत चवलीचं नाणं उभं राहावं. घरात त्याची म्हातारी आय, पास्कूबाय — अंथरुणाला खिळलेली, पाय सुजलेले, टाचांना जखमा. आणि बायको नातालीन. सासूचे पाय ती सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं धुवायची, पुसायची, मलम लावायची. मधल्या वेळात काय? मधल्या वेळात हाका. "नाताल, कूस बदल." "नाताल, पाणी." पास्कूबाय वाईट बाई नव्हती हो. पडलेल्या माणसाकडे हाकेशिवाय उरतं काय?

आता, गुरुवारची मिस्सा, ती पाय धुण्याची उपासना, संपली की पवित्र भाकरीतल्या प्रभूला बाजूच्या वेदीवर नेऊन ठेवतात. लोक समोर गप्प बसून तासभर आराधना करतात. पकडला जाण्याआधी त्याच रात्री बागेत प्रभू म्हणाला होता ना शिष्यांना — एक तास माझ्यासोबत जागा? आणि ते बहाद्दर घोरले. (मागच्या रांगेतले, तुमच्याबद्दल नाही बोलत. चालू द्या.) त्या आराधनेला नातालीन कित्येक वर्षं गेली नव्हती. म्हातारीजवळ कोणीतरी लागतंच. त्या वर्षी ती नवऱ्याला म्हणाली, "मला गायन नको, मिरवणूक नको. मला तासभर नुसतं बसायचंय. जिथं मला कोणी हाक मारणार नाही."

इनास म्हणाला, "जा. मी बसतो आयजवळ." तोंड भरून म्हणाला. मनापासून म्हणाला, हेही त्याच्या खाती लिहा.

पण मंगळवारी झालं काय — बाराजणांतला मिंगेल माडावरून उतरताना घसरला. ज्याचा पाय धुवायचा त्याच्याच पायाला प्लास्टर! खुर्ची रिकामी झाली.

इनास घरी आला. नातालीन मोरीत भांडी घासत होती.

"अगं, मिंगेल पडला."

"अरे देवा. फार लागलं?"

"लागलं. आळीनं माझं नाव दिलंय."

"कशाला?"

"बाराजणांत."

तिचे हात थांबले नाहीत. "आणि आयजवळ कोण?"

इनासनं भिंतीकडं बघितलं. "तू पुढच्या वर्षी जा की," तो म्हणाला. "देव काय पळून जातोय?"

"देव नाही हो पळत," ती म्हणाली. "मीच पुरेन की नाही, ते बघते."

भांडण नाही, आदळआपट नाही. दमलेलं माणूस भांडत नाही, मंडळी. भांडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

आणि गुरुवारी दुपारी तीच बाई, गरम पाण्याची परात घेऊन नवऱ्यासमोर बसली. का? तर असला पाय फादरांच्या हातात द्यायचा कसा? घराण्याची शोभा! वजरी घेतली आणि घासायला लागली. साबण, परत वजरी, वर खोबरेल. उजवा पाय असा निघाला, की इनासला स्वतःचा वाटेना.

"फादर धुणार कुठला?" तिनं विचारलं.

"उजवा."

"मग डावा राहू दे. आय हाक मारतेय."

डावा राहिला. मोज्यात झाकला जाईल म्हणाला, चालेल म्हणाला. बघा आपली अक्कल — पाय धुण्याच्या सणाला पाय धुऊन जायचं. म्हणजे प्रभूला काम पडू नये, इतकी आपली काळजी.

संध्याकाळी देवळात फादर कैतान एकेक खुर्ची करत आले. वय झालेलं, गुडघ्यांतून कटकट आवाज. इनाससमोर टेकले. उजवा पाय हातात घेतला, अंगठा टाचेवरून फिरवला. तिथंच थांबले. हळूच, त्याच्यापुरतं विचारलं, "हा घासला कोणी रे?"

"बायकोनं, फादर."

"मन लावून घासलाय. मग माझ्यासाठी काय ठेवलंस?"

इनासला समजेना.

"दुसरा दे."

"फादर, तो… तो नाही धुतलेला."

"म्हणून तर मागतोय."

काय करतो? मोजा काढला. डावा पाय पुढे आला — वाडीच्या चिखलासकट, भेगांसकट. पाणी ओतलं, ते परातीत काळं उतरलं. पुढच्या तीन रांगांनी माना उंच केल्या. फादर सावकाश पुसत होते.

"ती कुठं बसलीय?"

"घरी. आयजवळ."

फादर इनासच्या गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरं," म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीकडं गेले.

एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर इनास सुटला असता. त्या "बरं"चं करायचं काय?

मिस्सा संपली. प्रभूला बाजूच्या वेदीवर नेलं. मग फोटोवाल्यानं बाराजणांना सभागृहाच्या दारात बोलावलं. खुर्च्या मांडल्या, इनास बसलाही. फोटोवाला वाकून बघतोय, जरा जवळ सरका म्हणतोय — आणि इनास उठला. खुर्चीखाली काढून ठेवलेले बूट तसेच राहिले. नुकताच धुतलेला पाय धुळीत टाकत घरी निघाला.

घरी काय? नातालीन खाटेच्या कडेला जमिनीवर बसलेली, भिंतीला टेकून. मांडीवर पंचा, पंच्यावर सासूचा एक पाय, पुसलेला. दुसरा धुवायचा राहिलेला. परातीतलं पाणी थंड झालेलं. आणि नातालीन गाढ झोपेत.

इनास तिला उठवायला वाकला. पास्कूबायनं हात वर केला.

"हाक मारू नको."

"आय, तुला काही हवंय?"

"पाणी हवंय मघापासून," म्हातारी कुजबुजली. "मी मारली नाही हाक. झोपलीय ती."

इनासनं पाणी पाजलं. मग खाली बसला आणि आयचा राहिलेला पाय धुवायला घेतला. जमत नव्हतं त्याला. म्हातारी कळ सोसत होती, तोंडातून आवाज न काढता. पाण्याच्या आवाजानं नातालीन जागी झाली.

"सुटली मिस्सा?"

"सुटली. आराधना चालू आहे. जा तू, मी करतो हे."

ती उठली. भिंतीचा आधार घेऊन दारापर्यंत गेली. खांद्यावर पदर घेतला, उंबऱ्यावर थांबली. परत फिरली आणि चटईवर आडवी झाली. "पाय नाही चालत आता," म्हणाली.

आणि गेली नाही, मंडळी. ती गेली असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही.

तर हिशोब मिटवू. सभागृहातल्या फोटोत अकरा पुरुष आहेत आणि एक रिकामी खुर्ची, खाली बुटांचा जोड. इनासचा फोटो गेला. फादरांचे गुडघे गेले, ते तसेही जायचेच होते. म्हातारीनं तहान गिळली. आणि नातालीनला देवळातला तास मिळालाच नाही. घरी मिळाला तो झोपेत गेला, तिला आठवतही नाही. सण तिनं भरला, पावती दुसऱ्यांच्या नावानं फाटली.

शेवटचं गायन आज नको. जुजेदादा, पेटी मिटा. तुम्ही उठा, घरी जा, आणि दारातूनच चहा मागू नका. तुम्ही इथं तासभर आरामात बसलात, मंडळी. तो तास कोणाचा होता, ते घरी जाऊन बघा.