सैल स्क्रूवरचा गुलाबी ठिपका

मंडळी, बसून घ्या. मागे उभं राहू नका, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. सावेडीतल्या या छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. शहरातले जुने गेम पार्लरवाले आलेत. जत्रेत व्हिडिओ गेमचे स्टॉल लावणारे आलेत. पुण्याहून दोघं आलेत, ज्यांनी हौसेनं घरात जुन्या मशिनी ठेवल्यात. रफिकभाईंच्या पत्नी शमाभाभी समोर बसल्यात. आणि सगळे मला म्हणतात, दत्ताभाऊ, तुम्ही रफिकभाईंच्या जवळचे, चार शब्द बोला. मला नीट एक शब्द सुचत नाहीये.

दुःख आहे म्हणून नुसतं नाही. दुःख तर आहेच. पण मी गोंधळलोय, मंडळी. रफिक जाऊन आज वीस दिवस झाले, आणि त्यातले बारा दिवस मी एकाच प्रश्नात अडकून पडलोय. या माणसानं मला चार वर्षं फसवलं. ते मला कळलं. पण का फसवलं, ते काही केल्या कळत नाही.

शोकसभेत असं बोलू नये, हे मला समजतं. भाभींना विचारून बोलतोय. त्या म्हणाल्या, बोलून टाका, नाहीतर पोटात ठेवून आजारी पडाल. आणि मी त्याला अरे-तुरेच करायचो. इथं उभं राहून 'ते' आणि 'त्यांनी' मला जमणार नाही. सांभाळून घ्या.

रफिकचं काम तुम्हाला माहीत आहे. नाणं टाकून खेळायच्या त्या मोठ्या मशिनी, त्यांच्या पोटात एक बोर्ड असतो. तो बोर्ड बंद पडला की आपल्या जिल्ह्यात एकच पत्ता होता. बोर्डावरच्या कुठल्या आयसीचा, म्हणजे त्या काळ्या चिपचा, कितवा पाय कुठं जातो, हे त्याला तोंडपाठ. नकाशा नाही, पुस्तक नाही. सगळं डोक्यात.

आणि मी कोण? मी मूळचा कोल्हारचा. नागापूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात तीस वर्षं काढली. म्हणजे ज्या यंत्रांनी दुसरी यंत्रं तपासतात, ती दुरुस्त करायची. आमची वाटणीच होती. तो गेम दुरुस्त करणार आणि त्याची तपासायची यंत्रं मी दुरुस्त करणार. त्याला मी गमतीनं म्हणायचो, तू डॉक्टर असशील, पण तुझा स्टेथोस्कोप माझ्या हातात आहे.

त्याच्याकडे एक जुना सीआरओ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, छोट्या टीव्हीसारखी पेटी असते, तिच्या पडद्यावर हिरवी रेघ पळते. दवाखान्यात छातीला वायरी लावून कागदावर रेघ काढतात ना, तसंच. आयसीच्या पायाला प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाची सुई, टेकवायचा आणि रेघ बघून ओळखायचं की इथं जीव आहे की नाही. हा सीआरओ आमच्या कारखान्याच्या भंगारातून मीच त्याला मिळवून दिला होता. बारा-चौदा किलोचं धूड. आला तेव्हा रेघ एका जागी थांबत नव्हती. वर वर सरकायची आणि पडद्याबाहेर जायची. मी तीन दिवस खपलो. शेवटी सापडलं. आतलं एक सर्किटचं कार्ड ज्या स्क्रूनं दाबून बसवलेलं असतं, तो स्क्रू सैल होता. घट्ट केला, रेघ जाग्यावर.

आता आमच्या विभागाची एक सवय आहे. स्क्रू घट्ट केला की त्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचा. नंतर कुणी हात लावला तर रंग तडकतो आणि आपल्याला कळतं. घरी रंग नव्हता. आमच्या हिची नेलपॉलिशची बाटली होती, डाळिंबी रंगाची. तेव्हा ही होती. तिच्या शिव्या खात मी मोहरीएवढा ठिपका दिला आणि रफिकला ऐटीत सांगितलं, सगळ्या दुखण्याचं मूळ हा स्क्रू आहे, याला कुणी हात लावला तर मला कळल्याशिवाय राहणार नाही.

पाच वर्षं सीआरओ ठणठणीत चालला. मग ही गेली. मी घरात एकटा बसायला लागलो. टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही, असे दिवस. त्यानंतर काही महिन्यांतच रफिक सीआरओ घेऊन माझ्या दारात उभा. म्हणाला, दत्ता, रेघ परत पळायला लागली.

मी उघडला. पहिल्यांदा तो स्क्रू बघितला. वर ठिपका होता, कुठं तडा नाही. म्हणजे स्क्रू ठीक. पुढे गेलो. बटणं साफ केली, कार्डं अंगठ्यानं दाबली, सोल्डरचे दोन डाग नव्यानं दिले. रेघ थांबली. मी खूश. महिन्याभरानं रफिक परत दारात. परत तेच. मंडळी, चार वर्षं हे चाललं. दर महिन्याला. मी कपॅसिटर बदलले, स्विच बदलले, वायरी बदलल्या. माझ्या टेबलावर रेघ शहाण्यासारखी चालायची आणि त्याच्या दुकानात गेली की पळायची. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं कुणी छळलं नाही.

येताना तो सोबत दुकानात साठलेले बोर्ड आणायचा. म्हणायचा, नुसती रेघ काय बघतोस, बोर्डावर लावून बघ, म्हणजे खात्री होईल. मी प्रोब धरायचो. तो खुर्चीत मागे रेलून सांगायचा, अमक्या आयसीच्या चौदाव्या पायावर ठेव. काय दिसतंय? मी सांगायचो, चौकोनी लाटा. पुढचा पाय. काय दिसतंय? सपाट रेघ. मग तो म्हणायचा, हा आयसी गेला, काढ. आणि मीच काढायचो. तो म्हणायचा, डाग तुझ्यासारखा कुणाचा बसत नाही. मी आपला फुगायचो.

तो गेल्यावर आठवड्यानं भाभींनी सीआरओ माझ्याकडे पाठवला. आठवण म्हणून ठेवा म्हणाल्या. मी टेबलावर घेतला. घाई नव्हती, कुणी विचारणारं नव्हतं. उघडून नुसता बघत बसलो. आणि तो ठिपका दिसला. डाळिंबी नव्हता. गुलाबी होता. मोहरीएवढा नव्हता, स्क्रूवरून ओघळून पार पत्र्यावर गेलेला. मी तो खरवडला. खाली स्क्रू सैल. चांगला एक आटा सैल.

चार वर्षं मी ठिपका तडकलाय का, एवढंच बघत होतो. रंग कुठला आहे, हे बघितलंच नाही. आता सांगा, माझ्याइतका गाढव कोण?

मुद्दाम सैल केलेला होता. एकदाच. पुढची चार वर्षं माझ्याच हुशारीवर चालली. मी कार्ड दाबायचो, रिक्षाच्या धक्क्यांनी ते परत वर यायचं. मी विचार केला, यानं असं का करावं? आणि एकच उत्तर आलं. माझी बायको गेली, मी रिकामा बसलो, म्हणून या गृहस्थानं माझ्यावर दया केली. मला काम मिळावं म्हणून यंत्र बिघडवलं. मंडळी, खरं सांगतो, मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला. मी समजत होतो, माझ्यावाचून याचं अडतंय. आणि हा मला खेळणं देऊन बसवत होता!

सीआरओ रिक्षात घातला आणि भाभींकडे गेलो. गेल्या गेल्या विचारलं, हे काय आहे? भाभींनी स्क्रूकडे बघितलं. मग म्हणाल्या, ही नेलपॉलिशची बाटली त्यांनी माझ्याकडूनच मागवली होती, बांगड्यांच्या दुकानातून. मी म्हटलं, या वयात कुणासाठी? तर नुसते हसले. मी भाभींना म्हटलं, त्यानं माझ्यावर दया करायला नको होती. त्यावर त्या जे बोलल्या, ते मी शब्द न बदलता सांगतो.

"दत्ताभाऊ, दया कसली? त्यांना ती रेघ दिसतच नव्हती."

शुगरनं डोळे गेले होते. सगळे नाही. चालता यायचं, मोठं काही असलं तर दिसायचं. पण बारीक रेघ, आयसीचे पाय, अक्षर, काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता यापुढे सुधारणार नाही. घरात भाभींना माहीत होतं. दुकानात कुणाला नाही. बोर्ड तुमच्याकडून घ्यायचा, दत्ताकडे सीआरओ न्यायचं निमित्त करायचं, दत्ताला रेघ बघायला लावायची आणि दुरुस्त करून परत द्यायचा. तो गुलाबी रंग पण त्याला दिसला नसणार. बोटानं चाचपून लावला असणार, म्हणून ओघळला.

तर मंडळी, गेल्या चार वर्षांत तुम्ही जे बोर्ड त्याच्याकडून नेले, त्यांवर डोळे माझे होते. पण अक्कल त्याची होती, हे लक्षात ठेवा. मला एकट्याला त्यातला एक बोर्ड दुरुस्त करता आला नसता. मला नुसतं दिसत होतं.

आता माझा गोंधळ ऐका. तो आंधळा होतोय, हे मला कसं कळलं नाही? दर महिन्याला समोर बसायचा. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते धूड घेऊन तो एकेक पायरी चाचपत यायचा आणि मी वरून ओरडायचो, किती वेळ लावतोस रे, म्हातारा झालास काय! बिघाड शोधणं हा माझा धंदा. मी चार वर्षं त्या पेटीत बिघाड शोधत बसलो. पेटी आणणाऱ्या माणसाकडे एकदा धड बघितलं नाही.

आणि दुसरं. जगाला नाही सांगितलं, समजू शकतो. कुणी बोर्ड दिला नसता. पण मला का नाही? भाभींनाही माहीत नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, मीही सांगायचे त्यांना, दत्ताभाऊंना सांगा. ते म्हणायचे, नको.

मला एक दिवस आठवतो. हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधीचा. त्याच्या दुकानात चहा घेत होतो. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला मोतीबिंदू झाला होता, तरी तो काम करायचा आणि त्यानं एक मीटर जाळला होता. मी तोंड सुटल्यासारखा बोललो. म्हटलं, डोळे गेले की माणसानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा, लोकांची कामं बिघडवू नयेत. चहा घे, गार होतोय, एवढंच रफिक म्हणाला.

त्याचमुळे सांगितलं नसेल का? मला माहीत नाही. कदाचित दुसरंच काही असेल. कदाचित दोन्ही असेल, मला काम द्यायचं आणि स्वतःचं काम करून घ्यायचं. मी उलटसुलट सगळं करून बघितलं. हा एक बिघाड मला सापडत नाही, आणि ज्याला विचारायचं तो राहिला नाही.

रफिक, तू एकदा म्हणाला असतास ना, दत्ता, मला दिसत नाही, तर मी रोज आलो असतो रे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसलो असतो. तुला ते ओझं घेऊन माझे जिने चढायची गरज नव्हती. मी जे बोललो, ते तुला उद्देशून नव्हतं. तरी बोललो. माफ कर.

मंडळी, आता आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहू या. मला आयुष्यात कधी वेळेवर गप्प बसता आलं नाही. आज बसतो.