खळीने जोडलेली पेठ

सन्माननीय अध्यक्ष नानासाहेब कर्णिक, मुख्याध्यापिका सरोजताई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, माझे सहकारी, पालक बंधुभगिनी आणि पुढच्या सतरंजीवर चुळबूळ करणाऱ्या माझ्या मुलांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, माझ्याविषयी चार चांगले शब्दही ऐकले. त्यातले दोन खरे होते. सत्तावीस वर्षं या शाळेत हस्तकला शिकवली आणि आता खरं सांगायचं तर थकलोय. उभं राहून बोलण्याचाही कंटाळा येतो, तेव्हा पाल्हाळ लावणार नाही. पण एक गोष्ट आज बोललोच पाहिजे, कारण उद्या सकाळी हमाल येणार आहेत.

कार्यालयाबाहेरचं काचेचं कपाट आपण सर्वांनी पाहिलंय. आत पेठ आहे, शिवकाळातली. लोहाराची भट्टी, कुंभाराचा आवा, तेल्याचा घाणा, सुताराची पडवी आणि त्यांची घरं, सगळं चिमुकल्या विटांचं. खाली पितळी पट्टीवर माझं नाव आहे, त्र्यंबक गुप्ते. उद्या ते कपाट गावच्या नव्या सभागृहात जायचंय, असं नानासाहेबांनी आत्ताच जाहीर केलं. आपण टाळ्या वाजवल्यात. मी वाजवल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं का?

मुळात त्या विटा खेळायच्या होत्या. सत्तेचाळीसच्या दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला केला आणि किल्लेदार कोण यावरून मारामारी जुंपली. मी म्हटलं, अरे, तलवारी कोण घडवणार? दिव्याला तेल कोण देणार? किल्ल्याखाली पेठ नको का? म्हणून खाडीकाठच्या वीटभट्टीवर गेलो. भट्टीवाल्या राघोला करंगळीच्या पेराएवढा लाकडी साचा दाखवला. तो हसत बायकोला म्हणाला, "तुलसे, बघ गो, मास्तरला मुंग्यांचा घर बांधाचा हाय." हसला खरा, पण पुढच्या पावसाळ्याआधी उरलेल्या मातीतून तुळसाबाईंनी चार हजार विटा पाडल्या आणि मोठ्या विटांच्या फटींतून भाजूनही दिल्या. पितळी पट्टीवर त्यांचं नाव नाही. हे आजवर मी बोललो नाही, त्याची मला लाज वाटते.

पाच वर्षं दर दिवाळीला मुलांनी पेठ बांधली. चुना नाही, माती नाही, वीट नुसती विटेवर. तेली व्हायला आधी कुणी तयार नसे. मग घाण्याला फिरणारा बैल केला, तशी तेली होण्यावरून भांडणं सुरू झाली. आणि तुळशीचं लग्न लागलं की पेठ मोडायची, विटा धुवायच्या, पोत्यात भरायच्या. खरं सांगू? मुलांना बांधण्यापेक्षा मोडायचाच आनंद जास्त. मोडल्याशिवाय पुढच्या वर्षी नवं घर सुचणार कसं?

बावन्न साली तपासणीला मोठे साहेब आले. त्यांना पेठ फार आवडली. नानासाहेब मला म्हणाले, "गुप्ते, ही आता मोडायची नाही. कायमची पक्की करा." सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. तरी नानासाहेबांनी घरच्या कामातलं अर्धं पोतं शाळेत पाठवलं. त्यांचा भाव चांगला होता, आजही आहे. मी म्हटलं, हो. नाही म्हणायला हवं होतं. पण मी जन्मभर हो म्हणत आलो, ती सवय काही एका दिवसात सुटत नाही.

हो म्हणून मी काय केलं, ते आता ऐका. सिमेंटची थापी हातात घेतली आणि हात चालेना. पक्कं केलं की संपलं, या विटा पुन्हा कुणाच्या हाताला लागणार नाहीत. मग पुस्तकबांधणीच्या तासाला करतो ती मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं आणि सगळी पेठ खळीने जोडली.

म्हणजे नानासाहेब, सहा वर्षं आपण पाहुण्यांना जी पक्की पेठ दाखवलीत, ती खळीवर उभी आहे. आपलं सिमेंट वाया गेलेलं नाही. मागच्या अंगणात ज्या ओट्यावर पाण्याचं पिंप आहे, तो ओटा त्याच सिमेंटचा. आपण हसताय की रागावलाय, चष्म्याशिवाय मला इथून दिसत नाही.

या लबाडीची शिक्षा मी भोगलीय. दर आषाढात दमट हवेनं लोहाराचं छप्पर घसरायचं. शाळा सुटल्यावर मी किल्ली घेऊन खळीची वाटी लपवत कपाटाशी जायचो आणि चोरासारखा डागडुजी करायचो. सहा पावसाळे असे काढले. त्या एका छपरानं मला जेवढं दमवलं, तेवढं पहिलीच्या वर्गानंही दमवलं नाही.

तरी गप्पच बसणार होतो. पण उद्या कपाट हलवताना पेठ ढासळणार आणि बोल लागणार बिचाऱ्या हमालांना. आणि परवा पहिलीतली हेमा काचेला नाक लावून उभी होती. तिने मला विचारलं, "गुरुजी, हे आजारी आहे का? कुणी हात का लावायचा नाही?" मी म्हटलं, "शहाणी आहेस, वर्गात जा." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एवढं वाईट उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

तेव्हा निरोपाची भेट म्हणून काही द्यायचंच असेल, तर ती पेठ सभागृहाला देऊ नका, मुलांना द्या. पट्टी काढा, किंवा तिच्यावर राघो आणि तुळसाबाईंचं नाव घाला. दोघंही त्या शेवटच्या खांबाशी उभी आहेत. कुणीतरी त्यांना खुर्च्या द्या.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याचा मी ऋणी आहे. शिकवण्यात जे कमी पडलं आणि सांगण्यात जे लपवलं, ते पदरात घ्यावं. नानासाहेब, आपली क्षमा वेगळी मागतो. कपाटाची किल्ली ही इथं टेबलावर ठेवतोय.

खळ पाण्यात सुटते. हेमा, मागच्या ओट्यावर पिंप भरलेलं आहे. एक बादली पुरे.