चिखलातली रेस अन् माझी सासू

माझं माहेर देवगाव रंगारीचं, काळ्या मातीतलं, अन् काय सांगू तुम्हाला सर, आमच्या मळ्यावरनं शाळेत जायची वाट अशी, का पाऊस झाला की चाकात चिखल बसायचा, सायकल जागची हलायची नाय, मग खाली उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची अन् पळायचं, रोजचंच व्हतं ते, कुणाला त्याचं कवतिक नाय.

लग्न होऊन इथं शहरात, पुंडलिकनगरात आले, वाळूजच्या कंपनीत लागले, तिथल्या पोरींच्या नादानं डोंगरातल्या सायकल रेसला जाऊ लागले. लई आवड हो. पण चढाला मी खाली उतरले का बाकीचे हसायचे, म्हणायचे ताई, सायकल चालवायला आणली का फिरवायला? अन् घरचे येऊन बघतील तर काय, शिट्टी वाजली का आम्ही डोंगराआड, दोन तासांनी परत. सासू एकदा आली, झाडाखाली बसून कंटाळली, म्हणाली रविवारचं घर टाकून डोंगरामागं काय करती कुणास ठाऊक, बस झालं आता, सायकल इकून टाक.

तेवढ्यात ही सायक्लोक्रॉस नावाची नवी रेस निघाली. वावरातच गोल वाट, दर पाच-सहा मिनिटाला माणूस परत डोळ्यासमोर, मधी आडव्या फळ्या, तिथं उतरायचं, सायकल उचलून पळायचं, त्याला कुणी हसत नाय. आता लोक तिकडंच लोटतेत, बायालेकरं, भज्याचे गाडे, अन् डोंगरवाले पोरं रुसलेत, म्हणतेत ही काय सायकलची रेस हाय व्हय? मी सासूला म्हणलं, एवढी एक बघा, मग खुशाल इका.

त्या दिवशी पावसानं वावर गच्च झालेलं. तिसऱ्या फेरीला सगळ्यांच्या सायकली जाम, कुणी काडीनं चिखल काढतंय, कुणी रडायला आलंय, अन् मी आपली खांद्यावर टाकली अन् पळाले. सासू पहिल्या फेरीला लांब भज्याच्या गाड्यापाशी उभी व्हती बरं का, आता पदर खोचून दोरीला धरून वरडायली, पाय उचल गं, मागची आली, मागची आली! मी दुसरी आले.

मला वाटलं नंबराचं काही बोलल. नाय. माझ्या खांद्यावर वळ उठलेला, त्यावरनं हात फिरवला अन् म्हणाली, इतकी वर्षं घरात पळतीस, मी कधी मान वर करून पाहिलंच नाय गं. मी रडले सर, सगळ्यांसमोर, तसल्या चिखलाच्या तोंडानं.

आता रेसच्या दिवशी डबा तीच करती, भाजी खारट होती, मी मुकाट खाते. शंभर वर्षं जगू दे माझी सासू. अन् डोंगरवाल्यांचाबी राग उतरू दे, येऊ दे त्यांना इकडं, वावर लई मोठं हाय.