खिशात गेलेली चिठ्ठी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आपले सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि रक्त-लघवीच्या नमुन्यांत हयात घालवूनही हसतमुख राहिलेल्या माझ्या तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सहावं मागण्याची माझी छाती नाही, कारण वेळ संपली की वाजणारी ती घंटा अजून सरांच्याच हाताशी आहे.

आपल्या वार्षिक परिषदेतलं लघुभाषणांचं सत्र सरांनी सुरू केलं आणि अठरा वर्षं एकट्याने चालवलं. पद्धत साधी. ज्याला बोलायचंय त्याने नाव आणि विषय चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. वीसेक चिठ्ठ्या यायच्या, वेळ आठ जणांपुरता. सर डबा हलवणार, चिठ्ठी काढणार, नाव पुकारणार. डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

निरोपाला गोडच बोलावं, हे मलाही कळतं. पण सर, मनात एक शंका ठेवून तुम्हाला हार घालणं मला जमेना.

सलग सहा वर्षं माझी चिठ्ठी निघाली नाही. मैत्रीण म्हणायची, "अगं, तुझ्या चिठ्ठीला पाय फुटतात की काय?" तिसऱ्या वर्षी मी पुढे बसून डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सरांनी चिठ्ठी काढली, वाचली, शर्टाच्या खिशात टाकली आणि दुसरी काढली. चौथ्या वर्षी मी माझ्या चिठ्ठीला हिरवा दोरा बांधला. हसा, हसा! संशय माणसाला काय काय करायला लावतो. तो हिरवा दोरा डब्यातून वर आला आणि खिशात गेला.

माझा विषय दर वर्षी एकच असे: माझ्या हातून झालेली चूक. दोन नमुन्यांची लेबलं मी उलटी चिकटवली होती. एक तरुण बाई दोन दिवस स्वतःला रक्ताचा कर्करोग झालाय असं समजून जगली. चूक सापडली, पण आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "झाकली मूठ ठेवा, बाई." मला ती उघडायची होती, तुमच्यासमोर. तोवर प्रत्येक लेबल मी तीन-तीनदा ताडून पाहायचे.

प्रमुख दर वर्षी पहिल्या रांगेत, सरांच्या अगदी समोर बसत. मग काय, चहाच्या रांगेत, जिन्यात, मी सांगत सुटले, "ह्या दोघांचं साटंलोटं आहे."

सातव्या वर्षी प्रमुख निवृत्त झाले, परिषदेला आले नाहीत. त्या दिवशी पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. योगायोग? मी बोलले. पाच मिनिटं उलटली, सात झाली, घंटा वाजली नाही. मग सभागृहातून एकेक जण उठून आपापली चूक सांगू लागला. तुमच्यापैकी कितीतरी जण होते त्यात.

मघाशी चहा घेताना वहिनी सहज म्हणाल्या, "दर वर्षी परिषदेहून आले की ह्यांच्या शर्टाच्या खिशात कागदाचा लगदा! धुताना माझाच जीव जातो." वहिनी, माफ करा, तुम्ही नकळत साक्ष दिलीत.

सर, तुम्ही माझी नोकरी वाचवत होता, की प्रमुखांची अब्रू? मैत्रीण म्हणते, "वाचलीस ना? मग कशाला उकरतेस?" पण लेबलं तीन-तीनदा ताडत मी बसले ना, सहा वर्षं? दोन्ही उत्तरं मी ऐकून घेईन. मला विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

आज सकाळी सरांनी डबा माझ्या हाती दिला. "सांभाळ," एवढंच म्हणाले. सांभाळेन. फक्त यापुढे चिठ्ठी सभागृहातलं कुणीही काढेल आणि काढलेली चिठ्ठी तिथल्या तिथे मोठ्याने वाचेल.

इतकं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी उलटतपासणी घेतली, जीभ जरा सैल सुटली, तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या.

आणि अध्यक्ष महोदय, सुरुवात तुमच्या हाताने होऊ द्या. काढा. डब्यात एकच चिठ्ठी आहे, हिरव्या दोऱ्याची. अठरा वर्षांत ज्यांनी स्वतःचं नाव एकदाही टाकलं नाही, त्यांच्या नावाची, मीच लिहिलेली.

या सर. वेळ पाच मिनिटं.

नाही, घंटा इकडे द्या.