शिवलेली नोट

नाही, नाही, तुम्ही बसा मंगलाताई, तो स्टूल घ्या पंख्याखाली — नोट कुठे पळत नाही. अडीचशे वर्षं टिकलीय. बघू पुन्हा. हं. हे तुम्ही स्वतः केलंत? सुईच्या टोकानं एकेक टाका उसवून? कागदाला ओरखडा नाही, साडीला फॉल लावणारा हात तो — आणि मागून ही सेलोटेप. दोरा कुठाय? टाकलात. नाही, सहज विचारलं. तुमच्या खुवैरला कचऱ्याची गाडी येऊन गेली असेल ना — सकाळीच. हां. असू दे.

मीच म्हणालो होतो, खरंय. गेल्या आठवड्यात, ह्याच काउंटरवर. तुम्ही धोपाव्याच्या, मी समोरच्या दाभोळचा, मधे एक खाडी — त्या आनंदात चहा मागवला आणि त्याच तोंडानं म्हणालो, फाटून शिवलेलीचे पंचवीस रियाल, हा दोरा नसता तर दीडशे दिले असते. आता ते बोलणं म्हणजे — कसं सांगू — आपण पापलेटाचे कल्ले उचलून नाक मुरडतो ना, तसं. पापलेट ताजंच असतं. कोळीण काय लगेच ते समुद्रात फेकते? ती चार शिव्या देते, मग भाव जमतो. तुम्ही शिव्या द्यायच्या होत्यात. पण तुम्हाला माझं खरं वाटलं. गाववाला म्हणून.

मी शिकलेला सातवी. मत्र्याच्या ह्या सूकमध्ये, ह्या अरबांच्या बाजारात, आधी उदबत्त्या विकल्या, मग मारिया तेरेझाचे चांदीचे डॉलर, मग नोटा — ठेचा खात शिकलो. एकदा पिवळ्या कुरकुरीत कागदावरच्या ढीगभर अमेरिकन नोटा घेतल्या, जुन्या म्हणून. निघाल्या पर्यटकांना विकायच्या नकला. बायको म्हणाली, पापड समजून तळा आता. तेव्हापासून भिंग घेतल्याशिवाय हात लावत नाही. तुमची मात्र अस्सल. अझैब्याच्या ज्या अमेरिकन म्हातारीकडे तुम्ही स्वयंपाक करायच्यात, तिनं मायदेशी जाताना तुमच्या हातात ठेवली, ती तुमच्या जेवणाची किंमत जाणून. हे मागचं पान बघा — झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा आहे. फिलाडेल्फियाच्या छापखानेवाल्याची अक्कल: माणूस अक्षरं कोरील, पानाच्या शिरा कशा कोरील? खाली धमकीपण छापलीय, नक्कल कराल तर मराल. उन्हाला धरा, कागदात अभ्रक चमकेल. पण शेवटी ते वापरायचं चलन. लोक घडी घालून खिशात ठेवायचे, घडीवर फाटायची, मग घरातली कोणी बाई सुईदोरा घेऊन बसायची, कारण उद्या त्याच नोटेचं पीठ आणायचं असायचं. म्हणून तर दुबईचा माझा एक पारशी गिऱ्हाईक कोऱ्या नोटेकडे ढुंकून बघत नाही. शिवलेलीच हवी त्याला. म्हणतो, बाबामियाँ, छापणारा सगळ्यांना ठाऊक असतो, शिवणारी कोणाला ठाऊक? तुम्ही पायरी उतरलात आणि मी त्यालाच फोन —

काही नाही. दुसऱ्या मालाचं बोलत होतो.

हे घ्या दीडशे. शब्द म्हणजे शब्द. दोरा काढलात, मी देतोय. यशश्रीची नर्सिंगची फी भरा आधी, मुदत टळली तर सीट जाईल म्हणालात ना. आणि आशीर्वाद देऊ नका. नको म्हणतो ना — माझ्या आईनं तुमच्या किनाऱ्यावरच्या बाईकडून कधी एक आंबा फुकट घेतला नाही, आणि मी… ठेवा पर्समध्ये. आणि हे वर पन्नास. कशाचे म्हणजे? असेच. खाडीपलीकडचे. मुलीला काही घ्या.

असं थांबू नका ताई. घ्या ना.

काय? — दोऱ्यासकट असती तर?

त्याला आता काय अर्थ. भाव काय, लागतो, कमी लागतो, कधी जास्त — गिऱ्हाईकावर असतं. जास्त. हो. किती ते नका विचारू. तुम्ही फी भरा. अहो, टेप ओढू नका, पान निघून येईल कागदावरून — राहू दे, राहू दे ती इथे.

असरच्या नमाजाची बांग झाली. मला शटर ओढायचंय. या तुम्ही.