मागची सीट

— नाही काका, गाडीचं नाव एवढ्यात लिहू नका. तेवढी जागा कोरी ठेवा. माझं नाव लिहिलंत ना, ते बरोबर आहे. वय एकोणीस, पहिलीच गाडी, लायसन्स पक्कं — हे बघा. फोटो बघू नका, पकडून आणल्यासारखा आलाय. आता विमा किती, कसा, ते सावकाश सांगा. अगदी सावकाश. ते लोक तिकडे आहेत तोवर मला तुमच्याशी एक बोलायचंय.

काचेपलीकडे दिसतायत ना, ती आमची मंडळी. पर्स छातीशी धरून उभी आहे ती आई, सेल्समनचं डोकं खातेय ती आत्या, आणि भिंतीला हात लावून चालतायत ते बाबा. त्यांना ती लाल गाडी पसंत पडलीय. रंग नाही हो — सीट! लांबलचक सीट, मागे धरायला दांडी, पाय ठेवायला बाजूला फळी. आत्या म्हणाली, हिच्यावर तिघं मावतील. मावतील की. दोन खोल्यांत चौघं मावतोच आहोत, मावायची सवय आहे आम्हाला. आणि मला — ती कोपऱ्यातली काळी. बघितलीत? एकच सीट. मागे काही नाही, नुसतं चाक. तिच्यावर दुसरं माणूस बसवायचं म्हटलं तरी बसवता येत नाही. म्हणून तर.

कारण सगळ्यांनी मला आधीच वाटून घेतलंय काका. सकाळी उजाडायच्या आत आईला लॉन्ड्रीत सोडायचं, तिची कामाची पाळी लवकर सुरू होते. मग आत्याचे गुडघे — त्यांना शेक घ्यायला न्यायचं. मग बाबांचे डोळे. संध्याकाळी तेच सगळं उलटं. गाडी अजून दुकानात आहे आणि मागची सीट आत्ताच फुल्ल! पुढे कोण? पुढे मी. मला कुणी विचारलं का? — विचारलं ना, असं कसं. रंग कोणता हवा, म्हणून विचारलं.

तुम्ही हसलात. हसा. पण हे बाहेर कुठे बोलायचं नाही हं. मला नोकरी लागलीय. डोंगरापलीकडच्या शहरात, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत, शिकाऊ म्हणून. राहायची सोय त्यांचीच. आज या इमारतीत काम, उद्या त्या, म्हणून स्वतःची गाडी पाहिजे अशी अट आहे. सोमवारी हजर व्हायचंय. घरी? घरी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आज इथे कुणी आलं असतं का? — वाईट आहे, कळतंय मला. त्यांनी घेऊन दिलेल्या गाडीवर बसून त्यांनाच सोडून जायचं. काका, चोरीचा विमा असतो ना? मग आपलीच गाडी आपणच पळवली तर? — गंमत केली. लिहू नका ते.

तर तुम्ही फक्त एवढंच करायचं. ते इथे आले की म्हणायचं, नवीन चालवणाऱ्याला दोन सीटच्या गाडीचा विमा मिळत नाही, एकच सीट घ्या. खोटं आहे, मला ठाऊक आहे. पण आत्या आमच्या बोलण्याला भीक घालत नाही, कागद पुढ्यात घेऊन बसलेला माणूस बोलला की मात्र गप्प होते. एक वाक्य काका. तुमचं काय जातंय? — काय? मागे बसणाऱ्याचा विमा वेगळा असतो? ऐच्छिक? म्हणजे नको म्हटलं तरी चालतं? बघा, आमच्या घरातल्या कशालाच आजवर कुणी ऐच्छिक म्हटलं नव्हतं.

बाबांचं विचारताय? बाबा औषधं पोचवायचे दुकानांत, मोटरसायकलवर. लहानपणी मला पुढे टाकीवर बसवायचे, माझे हात हँडलवर ठेवायचे आणि विचारायचे, चालवतंय कोण? मी! मग एकेका बाजूनं दिसायचं कमी झालं, वळणावर पडले, गाडी विकली. आता खिडकीशी बसतात आणि आवाजावरून सांगतात, कुठली गाडी गेली. मला चालवायला त्यांनीच शिकवलं, माहितेय? मैत्रिणीची गाडी आणली होती. हे मैदानाच्या कडेला उभे, दिसत काही नाही, नुसतं ऐकून ओरडायचे — क्लच घाईनं सोडतेस. आणि सोडतच असायचे मी. त्यांनीच शिकवलं आणि आता —

थांबा. काय करतायत ते? लाल गाडीवर बसतायत. अहो, पण मागे का बसतायत? पुढची सीट रिकामी आहे ना. कुणी सांगितलं का त्यांना? नाही, आत्या तर तिकडे तोंड करून बोलतेय. स्वतःच बसले. बाबा कधी कुणाच्या मागे बसले नाहीत काका, आजवर कधीच नाही. बघा, दांडी नाही सापडली त्यांना. हात पुढे केलाय — तिथे कुणी नाहीये ना, तरी कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा धरलाय.

आणि हसतायत. किती दिवसांनी हसले. मला इतका राग येतोय ना त्यांचा! एखाद्याला असं अडकवताना माणसानं हसू नये. अडकवायचं तर निदान ओरडून, भांडून अडकवा, म्हणजे जाता तरी येतं.

काळीचं ते सांगू नका काका. काहीच सांगू नका. आणि सोमवारचं विसरून जा.

लिहा. लाल. हो, तीच लिहा. आणि ते ऐच्छिक म्हणालात ना — मागे बसणाऱ्याचं — तेही घाला. हेल्मेट? दोन. नाही, मला काही झालेलं नाही. तुम्ही लिहा ना, आले ते.

— काही नाही बाबा. काका रंग विचारत होते.